पोचल्याची नोंद

‘काम ठरलेल्या क्रमाने आणि ठरल्या वेळेआधी पूर्ण झाले,’ असं चारुलता सोनटक्केनं अहवालात लिहिलं. वेळेआधी झालं हे खरं होतं. ठरलेल्या क्रमानं झालं हे खोटं होतं, आणि लिहिताना तिला ते माहीत होतं.

हा बुधवार, १३ फेब्रुवारी २०४१. सह्याद्रीच्या पोटातल्या एका डोंगराळ जिल्ह्यात ती आरोग्य विभागाची नेटवर्क अधिकारी होती. वय एकेचाळीस, घरी वडील, लग्न केलेलं नव्हतं. चौदा वर्षांच्या नोकरीत तिच्या नावावर एकही ठपका नव्हता आणि याचा तिला अभिमान होता. जिल्ह्यातल्या अकरा हजार माणसांच्या छातीतली स्पंदिका तिच्या सर्व्हरवर विसंबून होती.

स्पंदिका म्हणजे गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेलं तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. हृदयविकाराचा झटका येण्याच्या पाऊण तास आधीपासून हृदयाच्या लयीत बारीक बदल होऊ लागतात. माणसाला ते कळत नाहीत, यंत्राला कळतात. ते कळले की स्पंदिका गावातल्या आरोग्यदूताच्या मनगटावरच्या पट्ट्याला हाक धाडते. दूत औषधांची पिशवी उचलून धावतो, जिभेखाली गोळी ठेवतो, दंडात इंजेक्शन देतो, आणि रुग्णवाहिका घाट चढून येईपर्यंत माणूस तग धरतो. ही सोय झाल्यापासून त्या जिल्ह्यात झटक्यानं मरणारी माणसं दहात एकावर आली होती.

हाक योग्य मनगटावर पोचवायची, हे चारुलताचं काम. नेटवर्कमधल्या प्रत्येक वस्तूला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. पत्ते कायमचे नसतात. एक सर्व्हर ते मुदतीनं देतो, खोली भाड्यानं द्यावी तसे, आणि कुणाला कोणता दिला याची नोंदवही ठेवतो. पत्ते असे बदलते असल्यामुळे दुसरा सर्व्हर नावं सांभाळतो. ‘पिंपळदऱ्याचा दूत’ सध्या कुठल्या पत्त्यावर आहे, असं विचारलं की तो पत्ता सांगतो. तंत्रज्ञ पहिल्याला डीएचसीपी म्हणतात, दुसऱ्याला डीएनएस. स्पंदिकेला फक्त नाव ठाऊक असतं, पत्ता ती विचारून घेते. पण विचारायलाही वीज खर्च होते, आणि दाण्याएवढ्या यंत्रात वीज ती किती असणार? म्हणून एकदा मिळालेलं उत्तर ती बारा तास लक्षात ठेवते आणि तोवर पुन्हा विचारत नाही.

दोन्ही सर्व्हरांची सॉफ्टवेअरं आठ वर्षं जुनी झाली होती. नव्या आवृत्तीत ओळख तपासण्याची सोय होती. म्हणजे हाक ज्याच्यासाठी आहे त्यानंच ती घ्यायची, दुसऱ्या कुणी घेतली तर ती परत फिरणार. ही तपासणी सगळी यंत्रं नव्या सर्व्हरवर आल्यावर, दुसऱ्या दिवशी सुरू करायची होती.

या अपग्रेडसाठी चारुलतानंच बावीस पायऱ्यांची यादी केली होती. त्यात दोन पायऱ्या धोका टाळण्यासाठी होत्या. पहिली, दोन दिवस आधी, सोमवारी, स्पंदिकांची स्मरणाची मुदत बारा तासांवरून दोन मिनिटांवर आणायची, म्हणजे पत्ते बदलले तरी त्या लगेच पुन्हा विचारतील. दुसरी, जुनी नोंदवही जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर न्यायची, म्हणजे मुळात पत्ते बदलणारच नाहीत. दोन्हींपैकी एक जरी नीट झाली तरी कुणाला काही होणार नव्हतं.

सोमवारी ती राज्याच्या मुख्यालयात मुलाखतीला गेली होती. राज्यभराच्या नेटवर्कचं प्रमुखपद रिकामं झालं होतं. मंगळवार बैठकांत गेला. बुधवारी सकाळी साडेदहाला यादी उघडली तेव्हा सोमवारची चौकट रिकामी दिसली. आता मुदत कमी करायची तर बारा तास थांबणं आलं, काम उद्यावर जाणार. दुपारी एक वाजता सगळ्या जिल्ह्यांची आढावा बैठक होती आणि अपग्रेड पूर्ण झालेला पहिला जिल्हा तिचा असणार होता. नोंदवही नेतोच आहोत, पत्ते बदलणार नाहीत, असा विचार करून तिनं रिकाम्या चौकटीत बरोबरची खूण केली.

अर्ध्या तासानं नोंदवहीच अडली. जुन्या नोंदींतली एक ओळ नव्या सॉफ्टवेअरला वाचता येईना आणि ते तिथंच थांबलं. ती ओळ शोधून दुरुस्त करायला दोन-तीन तास लागले असते. चारुलता खुर्चीत मागे टेकून पाच मिनिटं बसली. मग तिनं नोंदवही बाजूला ठेवली आणि कोऱ्या वहीवर सर्व्हर सुरू केला. सगळी यंत्रं नवे पत्ते मागतील, नावांसमोर नवे पत्ते आपोआप चढतील. यादीप्रमाणे स्मरणाची मुदत दोन मिनिटांची झालेली होती. ती झालेली नाही हे माहीत असलेली एकच व्यक्ती त्या खोलीत होती. ते आठवलंच नाही, असं पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली. खरं म्हणजे ते आठवलं होतं आणि तिनं ते मागे सारलं होतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी नवा सर्व्हर चालू झाला. नऊ मिनिटांत सगळ्या यंत्रांना पत्ते मिळाले. एकच्या बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक झालं.

पिंपळदरा ही जिल्ह्याच्या टोकाची वाडी, एकतीस उंबऱ्यांची. तिथल्या शेवंताबाई कदमांना, वय बासष्ट, दुपारी पावणेतीनच्या सुमारास घरात एकटं असताना त्रास सुरू झाला. मुलगा रामचंद्र आणि सून सुनंदा खालच्या गावी गेले होते. स्पंदिकेनं हाक धाडली. सकाळी नऊला मिळालेला पत्ता तिच्या लक्षात होता, त्याच पत्त्यावर धाडली.

तो पत्ता आता वाडीचा दूत यशवंत जंगम याच्या पट्ट्याचा नव्हता. अकरा वाजून तेवीस मिनिटांनी तो चाळीस किलोमीटरवरच्या एका उपकेंद्रातल्या लसी ठेवायच्या थंड पेटीला मिळाला होता. पेटीतही पट्ट्यासारखंच संदेश घेणारं यंत्र होतं. त्यानं हाक घेतली, ‘पोचलं’ असं आपोआप उत्तर दिलं, आणि मजकूर आपल्या कामाचा नाही म्हणून टाकून दिला. त्या दुपारी जिल्ह्यात आणखी तीन हाका गेल्या होत्या. त्यांचे जुने पत्ते कुणालाच मिळालेले नव्हते, म्हणून उत्तर आलं नाही आणि स्पंदिकांनी लगेच दुसऱ्या दूताला गाठलं. शेवंताबाईंच्या स्पंदिकेला उत्तर मिळालं होतं. दूत ‘निघालो’ची कळ दाबेल म्हणून ती नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं थांबली आणि मग तिनं रुग्णवाहिका बोलावली. रुग्णवाहिका पोचली तेव्हा चार वाजत आले होते. शेवंताबाई चुलीजवळ पडलेल्या होत्या.

यशवंत त्या वेळी ओढ्याच्या अलीकडे, त्यांच्या घरापासून चारशे पावलांवर, शाळेच्या भिंतीला गिलावा करत होता. औषधांची पिशवी त्याच्या शेजारी खुंटीला होती. शेवंताबाई त्याची सख्खी आत्या.

गुरुवारी सकाळी चारुलताला हे कळलं. तिनं सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. पेटी, पट्टा, दोन वेळा, एकच पत्ता. समजायला एक मिनिटही लागलं नाही. तिनं पडदा बंद केला, उठून दाराला कडी लावली आणि पुन्हा उघडून पाहिलं. नोंद तीच होती. तोवर ओळखीची तपासणी सुरू करण्याची वेळ झाली होती. तिनं ती सुरू केली, आणि त्यानंतर असं काही होणं शक्य उरलं नाही.

चौकशी शनिवारी झाली. जिल्ह्याचे आरोग्यप्रमुख डॉक्टर देशमाने, दोन अधिकारी, चारुलता आणि समोर यशवंत. छत्तीस वर्षांचा, बोटांच्या पेरांत सिमेंट बसलेला गवंडी. दूताचं काम तो पाच वर्षं करत होता आणि त्यानं सात माणसं वाचवली होती. इस्त्रीचा शर्ट घालून तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. दुपारभर पट्टा हातात होता, भिजू नये म्हणून वर सरकवलेला होता, पण वाजला नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तीन दिवसांपूर्वी आत्या गेलेल्या माणसाला विचारतात तसं त्याला कुणी काही विचारत नव्हतं. देशमान्यांनी चारुलताकडे पाहून हाक पोचली होती का, असं विचारलं.

यशवंतही तिच्याकडे वळला. “मॅडम, तुम्हीच सांगा. वाजलाच न्हाई, तर मला कळायचं कसं?”

तिला जो प्रश्न अधिकृतपणे विचारला होता त्याचं उत्तर तिनं दिलं. “नोंदीत पोचल्याचं दिसतंय, सर.”

कुठं पोचल्याचं, हे कुणी विचारलं नाही.

पट्टा तिथंच काढून घेण्यात आला. यशवंतला तो एका हातानं सुटेना, तेव्हा शिपायानं पुढे होऊन बक्कल सोडलं. चारुलता समोरच्या कागदाकडे बघत राहिली.

पुढचे अडीच महिने तिला लोकांच्या बोलण्यातून बातम्या मिळत राहिल्या. तिनं विचारल्या नव्हत्या, पण कान तिकडेच असायचे. रामचंद्रनं यशवंतला तिरडीला खांदा देऊ दिला नाही. दहाव्याला त्याच्या घराला निरोप गेला नाही. वाडीतल्या कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, पण शाळेच्या भिंतीचं उरलेलं काम दुसऱ्याला दिलं गेलं. पिंपळदऱ्याच्या हाका आता पाच किलोमीटरवरच्या दूताकडे वळवल्या होत्या आणि ते वळवण्याचं काम चारुलतानंच केलं होतं.

राज्यप्रमुखपदासाठी तिची निवड झाली. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. बाकीच्या जिल्ह्यांच्या अपग्रेडसाठी मार्गदर्शिका लिहिण्याचं काम तिला मिळालं. त्यात तिनं त्या दोन पायऱ्या ठळक अक्षरांत घातल्या आणि पहिली झाल्याचा पुरावा सर्व्हरला दिल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, अशी व्यवस्था केली. ती इतकी चोख होती की वरून शाबासकीचं पत्र आलं. हीच भरपाई, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं. पण जेवताना घास तोंडात फिरत राहायचा. कुणी तिची स्तुती केली की ती काहीतरी निमित्त काढून उठायची. गवंड्यांची टोळी दिसली की ती रस्ता बदलायची.

तिचे वडील अण्णा निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांच्याही छातीत स्पंदिका होती. सकाळी फिरायला गेले की ते भेटेल त्याला गळ्याखाली बोट ठेवून सांगायचे, हे आमची चारू चालवते. ते ऐकू येऊ नये म्हणून तिनं त्यांच्याबरोबर फिरायला जाणं सोडलं.

एप्रिलच्या शेवटी कार्यालयात एक अर्ज आला. तांत्रिक सूचना म्हणून तो तिच्या टेबलावर पोचला. वहीच्या पानावर निळ्या शाईत लिहिलेला होता.

‘मी यशवंत विठू जंगम, राहणार पिंपळदरा. मी पुष्कळ विचार केला. यंत्र खोटं बोलत नाही, तरी पट्टा वाजला असावा आणि गिलाव्याच्या नादात माझ्या ध्यानात आलं नसावं, असं मला आता वाटतं. कधी कधी तो वाजल्याचं आठवतंही. मला पुन्हा कामावर घ्या असं म्हणणं नाही. पण इतर दूतांचे पट्टे जास्त जोरात वाजतील असं करावं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून असं होणार नाही. कळावे.’

चारुलतानं ते पान तीनदा वाचलं. ‘आठवतंही’ या शब्दाशी ती थांबत होती. न वाजलेला पट्टा त्या माणसाला आता ऐकू येऊ लागला होता. तिनं त्याची नोकरी घेतली होती, नातं घेतलं होतं, हे तिला माहीत होतं. डोक्यात शिरून त्याची खरी आठवणही आपण पुसली, हे तिला आज कळलं. ती संडासात गेली, नळ सोडला आणि तोंडावर पदर दाबून रडली.

संध्याकाळी तिनं अण्णांना सगळं सांगितलं. खूण केली तिथपासून बक्कल सोडलं तिथपर्यंत. सदतीस वर्षांच्या नोकरीत एक पत्र इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, असं सांगणारा हा माणूस. आता उठून कार्यालयात जा म्हणतील, असं तिला वाटत होतं.

“बाई तर गेली,” अण्णा म्हणाले. “तू सांगून ती येणार आहे का? त्या मुलाला दुसरीकडे कुठं काम मिळवून दे. पण हे बोलू नकोस, चारू. कुणाजवळही.”

बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला होता आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. आपल्यासाठी ते पहिल्यांदाच असं काही बोलताहेत, हे ओळखून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला गेले नाहीत.

ती देशमान्यांकडे गेली. नोंदींचे कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि समजावून सांगितलं. देशमाने वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग त्यांनी हिशोबानं बोलायला सुरुवात केली. हे बाहेर गेलं तर लोक काय करतील? स्पंदिका काढून टाकतील. शेजारच्या जिल्ह्यात नुसत्या अफवेनं चारशे जणांनी काढल्या होत्या आणि त्यातले सहा त्याच वर्षी गेले. चूक दुरुस्त झाली आहे, पुन्हा होणं शक्य नाही. मग एका सत्यासाठी किती माणसं मारायची? यशवंतला सन्मानानं परत घेऊ, पत्रात ‘फेरविचारांती’ एवढंच लिहू. तिचं प्रमुखपदही अबाधित राहील, हे त्यांनी म्हटलं नाही, पण ते त्यातच आलं.

त्यांचं बोलणं चूक होतं असं तिला त्या वेळी म्हणता येईना. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज नंतर वाटली. पत्र घेऊन आपण स्वतः जाऊ, एवढंच तिनं मागितलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास ती पिंपळदऱ्याला पोचली. यशवंत अंगणात फावड्याचा दांडा बसवत होता. तो वाळला होता. तिला बघून त्यानं घाईनं शर्ट अडकवला, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. तिनं पत्र पुढे केलं. त्यानं ते दोनदा वाचलं, नीट घडी घालून परत दिलं.

पट्टा नको, असं तो म्हणाला. माणसं त्याच्या भरवशावर राहतात आणि त्याचं ध्यान राहत नाही. आत्याच्या वेळी पट्टा हातात थरथरला होता, त्याला आता चांगलं आठवतंय. त्यानं मनगट पुढे करून नेमकी जागाही दाखवली.

चारुलता त्या जागेकडे बघत राहिली. फेरविचार, जनतेचा विश्वास, सगळे शब्द तिच्याजवळ तयार होते.

“थरथरला नव्हता,” ती म्हणाली. “यशवंतराव, पट्टा वाजलाच नव्हता. हाक तुमच्याकडे आलीच नाही. माझ्या चुकीमुळे ती दुसरीकडे गेली. मला चौकशीच्या आधीपासून माहीत होतं.”

त्याला कळायला वेळ लागला. ती पत्ते कसे दिले जातात, नावं कशी शोधली जातात, हे सोप्या शब्दांत सांगू लागली. त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

“म्हंजे वाजलाच नव्हता?”

“नाही.”

“मी म्हणत होतो तेच?”

“हो.”

तो खाली बसला. उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट घट्ट धरून तो पुढेमागे हलत राहिला. त्याचे डोळे कोरडेच होते. बऱ्याच वेळानं तो उठला, वहाणा घातल्या आणि तिला एवढंच म्हणाला की रामाच्या घरी चला, तिथं हेच सांगा. ओढा ओलांडताना तो पुढे होता. एकदाही मागे वळला नाही.

रामचंद्र दारातच उभा राहिला. यशवंत अंगणाच्या कडेला थांबला, अडीच महिन्यांत तो तिथवर आलाच नव्हता. चारुलतानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. या वेळी तिनं खूण केल्याचं आणि बैठकीत कौतुक झाल्याचंही सांगितलं, मधलं काही गाळलं नाही. सुनंदा आतून येऊन नवऱ्याच्या मागे उभी राहिली. ऐकून झाल्यावर रामचंद्रनं विचारलं, आईची हाक मग गेली तरी कुणाकडे?

“लसींच्या थंड पेटीकडे.”

“पेटीकडे,” रामचंद्र म्हणाला. मग अगदी हळू आवाजात, जणू स्वतःशीच, “आणि ती पेटी हो म्हणाली.”

त्यानं तिला हाकललं नाही. बसाही म्हटलं नाही. तिच्या शेजारून तो अंगणाच्या कडेपर्यंत गेला, यशवंतच्या दंडाला धरलं आणि त्याला घरात घेऊन गेला. सुनंदाही आत गेली. उन्हात चारुलता एकटी उभी राहिली. आतून कुणाचं तरी दबलेलं रडणं येत होतं, दोघा भावांपैकी कुणाचं ते तिला ओळखू आलं नाही. निघून जाणं तिला जमेना आणि थांबण्याचा तिला अधिकार नव्हता. ती थांबली.

त्याच दिवशी घाट उतरण्यापूर्वी तिनं लेखी जबाब देशमान्यांना, राज्य मुख्यालयाला आणि चौकशीतल्या दोन्ही अधिकाऱ्यांना पाठवला. देशमान्यांचा फोन आला. ते रागावले नाहीत, थकल्यासारखे बोलले. प्रमुखपद गेलंच होतं. निलंबनाचा आदेश निघायला चार दिवस लागले आणि सोमवारपासून तो लागू होणार होता. त्याआधीच्या शनिवारी वाडीसमोर येऊन सगळं सांगा, असा रामचंद्रचा निरोप आला.

शाळेच्या पटांगणात वाडी जमली होती. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. वाटलं होतं की तिसऱ्यांदा सोपं जाईल, पण ते पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण या वेळी पुढच्या रांगेत म्हातारी माणसं गळ्याखाली हात ठेवून ऐकत होती. बोलून झाल्यावर कुणी आवाज चढवला नाही. एका बाईनं विचारलं, मग आता हे यंत्र काढायचं का ठेवायचं?

देशमान्यांना जी भीती होती ती हीच. चारुलतानं ठेवा म्हणून सांगितलं.

“तुमी सांगता म्हणून ठेवायचं?” बाई म्हणाली.

तिच्या शब्दाला आता किंमत नव्हती आणि यंत्राचा शब्दही तिनंच खोटा पाडला होता. ती म्हणाली, “माझ्यावर नका ठेवू विश्वास. एकेक तपासून बघा. आत्ता, सगळ्यांसमोर. ज्याची हाक पोचणार नाही त्याची मी उद्याच काढवून देते.”

कार्यालयातून ती यशवंतचा जुना पट्टा घेऊन आली होती आणि चाचणीपुरत्या वाडीच्या हाका तिनं पुन्हा त्या पट्ट्याकडे वळवल्या होत्या. तो बांधायचा कुणी, असा प्रश्न आला आणि सगळे यशवंतकडे बघू लागले. तो नको म्हणाला. रामचंद्रनं पट्टा घेतला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या मनगटावर बांधला. मग यशवंतला चारशे पावलांवर, ओढ्यापलीकडे उभं केलं. चारुलता एकेका माणसाच्या स्पंदिकेला चाचणीची हाक धाडायला लावत होती, आणि पट्टा वाजला की पलीकडून यशवंत हात वर करत होता. वाडीत बावीस जणांना स्पंदिका होती. कुणी घाई केली नाही. प्रत्येक जण आपली पाळी आली की ओढ्यापलीकडे डोळे लावून बसायचा आणि हात वर झाला की उठायचा. रामचंद्र प्रत्येक वेळी मोठ्यानं नाव घेत होता.

बावीस वेळा हात वर झाला. तिला लांबून दिसत होतं की दर वेळी पट्टा वाजला की यशवंतचं सगळं अंग दचकत होतं, आणि मग हात वर होत होता. बावीसही वेळा तिनं ते पाहिलं. मान फिरवावी असं वाटलं तरी तिनं फिरवली नाही.

दुपार कलल्यावर तो ओढा ओलांडून आला. माणसं घरोघर पांगू लागली होती. स्पंदिका काढून द्या, असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढं काय ठरवलंय, पट्टा ठेवणार का, हे विचारायचं धाडस तिला होईना. तिच्यासमोर उभा राहून त्यानं बक्कल सोडायला सुरुवात केली. या वेळीही ते एका हातानं सुटेना. तिनं हात पुढे केला, तसा त्यानं मनगट मागे घेतलं आणि दातांनी पट्टी ओढून ते सोडवलं.

“वाजतो,” तो म्हणाला. “वाजला की कळतं मला.”

पट्टा तिच्या हातात न देता त्यानं तो खिशात घातला आणि तो घराकडे चालू लागला.